निर्जन भागात गाडी घेऊन जायचंय? आधी रस्ता ठरवा, मग गाडीला हात लावा

नकाशावर तुमचा रस्ता उघडा आणि त्यावर अशी जागा शोधा की जिथून पुढची मदतही लांब आणि मागचीही तेवढीच लांब. मदत म्हणजे इंधन, पंक्चरवाला, दवाखाना, फोनची रेंज, निदान माणसांची वस्ती. मी त्या जागेला मधला बिंदू म्हणतो आणि माझी सगळी तयारी त्या एका ठिपक्यापासून सुरू होते. तिथे टायर फाटला तर काय, तिथे क्लच गेला तर काय, तिथे कुणाला सणकून ताप भरला तर काय. लोक विचारतात टायर कुठला घेऊ, लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) किती इंचाचं टाकू, विंच (गाडी ओढून काढायचा दोरीचा रहाट) लागेल का, आणि मी उलट विचारतो की जाणार कुठे आहात, तर त्याचं उत्तर तयार नसतं. रस्ता ठरला नसेल तर गाडीवर खर्च काय करायचा हे कळणारच नाही, मग जे दिसायला भारी ते लागतं आणि जे खरंच लागणार होतं ते राहून जातं.

रस्ता निवडताना

एकाच अ‍ॅपवर विसंबून राहू नका. नकाशावर रेघ दिसते म्हणजे तिथे रस्ता आहे असं नसतं, कधीकाळी कुणीतरी तिथून गेलं होतं एवढंच त्याचा अर्थ. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या नकाशावर कच्च्या वाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ असा दर्जा दिलेला असतो, १ म्हणजे पक्का दाबलेला रस्ता आणि ५ म्हणजे मऊ माती-गवतातून गेलेली चाकोरी, पण तो दर्जा कुणा माणसाने भरलेला असतो आणि कधी भरला ते बघावं लागतं. त्याच्या जोडीला सॅटेलाइट फोटो बघा. नेहमीच्या नकाशा अ‍ॅपमधला फोटो कधीकधी काही वर्षं जुना असतो, त्यामुळे मी सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहांचे फोटो पण उघडतो, ते फुकट मिळतात आणि एकाच जागेचा नवा फोटो साधारण दर पाच दिवसांनी येतो. त्यात एक पिक्सेल १० मीटरचा असतो म्हणजे वाट नीट दिसणार नाही, पण नदीचं पात्र भरलंय की कोरडं आहे, खिंडीत बर्फ शिल्लक आहे का, दरड मोठी कोसळलीय का, हे मागच्या आठवड्याचं कळतं. तिसरी गोष्ट म्हणजे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, असलेला नकाशा. जिथे कंटूरच्या रेघा एकमेकींना चिकटल्यात आणि वाट त्यांना सरळ छेदून जाते, तिथे चढ भयंकर आहे हे घरबसल्या समजतं. आणि चौथी, सगळ्यात मोलाची, महिन्याभरात तिथून जाऊन आलेला माणूस. त्याला "रस्ता कसा आहे" असं विचारू नका, तो "ठीक आहे" म्हणेल. गाडी कुठली होती, एकटा होता का, कुठे रुतला, पाणी कुठपर्यंत आलं, दिवसात किती अंतर कापलं, असं विचारा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय सोडा, तास मोजा. चांगल्या खडीच्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० होतात, खडकाळ वाटेवर १० ते १५ आणि जिथे उतरून दगड लावत जायचंय तिथे माणूस चालत पुढे निघून जातो. १२० किलोमीटर ही सकाळची फेरी वाटते, ताशी १५ ने ते आठ तास होतात आणि त्यात जेवण, पंक्चर, फोटो काहीच धरलेलं नाही. मी दिवसाचे सहाच तास चालवायचे धरतो आणि अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचायचं ठरवतो. अंधारात अनोळखी वाटेवर खड्डा आणि सावली यातला फरक कळत नाही.

आता अडथळे. रस्त्यावरच्या प्रत्येक अडचणीच्या जागेवर खूण करा, नदी, खिंड, वाळूचा पट्टा, कड्यावरची अरुंद वाट, आणि त्या कुठल्या किलोमीटरला येतात ते लिहा. समजा वाट ४०० किलोमीटरची आहे आणि सगळ्यात अवघड नदी ३८० व्या किलोमीटरला आहे. तिथे पोचलात आणि पाणी जास्त निघालं तर तुम्हाला सगळी वाट उलटी तुडवायचीय. तीच वाट दुसऱ्या टोकाकडून सुरू केली तर ती नदी २० व्या किलोमीटरला येते, बघितलं, नाही जमत, संध्याकाळच्या आत परत. एवढ्या साध्या गोष्टीने किती धोका कमी होतो ते बघा. म्हणून जे सगळ्यात अवघड ते शक्य तितकं लवकर येईल अशी दिशा धरायची. फक्त वाळूच्या टेकड्या असतील तर वाऱ्याचा पण विचार करावा लागतो, वारा ज्या बाजूने येतो ती बाजू पसरट आणि पलीकडची उभी आणि भुसभुशीत असते. ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटात टेकड्यांची पूर्वेकडची बाजू जास्त उभी आहे म्हणून लोक शक्यतो पश्चिमेकडून पूर्वेला जातात. शिवाय तिथे गाडीवर उंच काठीला झेंडा लावतात, कारण टेकडीच्या माथ्यावर समोरून येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. वाळूत कुठेही जात असाल तर हे घेण्यासारखं आहे.

मोसमाचं पण असंच. पावसाच्या नद्यांचा अंदाज वरच्या भागात पाऊस कुठे पडतोय त्यावरून, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. बर्फ वितळून येणाऱ्या नद्या दुपारनंतर चढतात आणि पहाटे सगळ्यात कमी असतात, त्यामुळे अशी नदी वाटेत असेल तर आदल्या दिवशी अलीकडे मुक्काम टाकून सकाळी लवकर ओलांडायची असा कार्यक्रम बसवा.

परवानगी, बंद केलेल्या वाटा, संरक्षित जंगल, सीमाभाग, यांची चौकशी संबंधित कार्यालयात करून कागद हातात ठेवा. आणि जी वाट आहे तिच्यावरूनच जा. आइसलँडमध्ये डोंगराळ भागातल्या एफ-रोडवर फोर बाय फोर गाडीच लागते, पण वाट सोडून बाजूच्या जमिनीवर गाडी घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तिथल्या शेवाळात किंवा वाळवंटाच्या कडक पापुद्र्यावर एकदा चाक उमटलं की ती खूण वर्षानुवर्षं जात नाही, पुढचा माणूस तीच चाकोरी धरतो आणि बघता बघता नवीन वाट पडते. चिखल टाळायला बाजूने गाडी काढणं हे सुद्धा तेच. चिखल ओलांडता येत नसेल तर थांबा किंवा परत फिरा.

एक बारीक गोष्ट, कोऑर्डिनेट, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश, लिहिताना कुठल्या पद्धतीत लिहिताय ते ठरवून घ्या. कुणी दशांश अंशात देतं, कुणी अंश-मिनिट-सेकंदात, आणि एकाचे आकडे दुसऱ्यात टाकले तर तुम्ही काही किलोमीटर बाजूला पोचता. दशांश अंशात तिसरा आकडा एकने चुकला तर उत्तर-दक्षिण दिशेत साधारण १११ मीटरचा फरक पडतो, दुसरा चुकला तर ११०० मीटरपेक्षा जास्त. पूर्ण वाटेची जीपीएक्स फाइल (जीपीएसवर उघडणारी वाटेची नोंद) दोन वेगळ्या उपकरणांत टाका, ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून तो उघडतोय का ते घरीच बघा. कागदी नकाशा आणि होकायंत्र वेगळं. उन्हात तापून फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

इंधन आणि पाणी

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून आकडेच घेऊ. वरचीच ४०० किलोमीटरची वाट धरा, नदी ३८० ला. हायवेवर तुमची गाडी लिटरला १० देते, पण वाळू, चढ, लो रेंज (कमी वेग आणि जास्त जोर देणारे गिअर) आणि लादलेलं सामान यात ती ६ वर येते, कधी त्याच्याही खाली. सरळ पार झालात तर ६७ लिटरमध्ये काम झालं. पण नदीवरून परत फिरावं लागलं तर ३८० दुणे ७६० किलोमीटर, म्हणजे १२७ लिटर. टाकी ७० ची असेल तर ५७ लिटर वर लागतं, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. आणि हे सुद्धा राखीव काहीच न धरता. आता दिशा उलटी केली तर तेच गणित बघा, नदी २० ला, म्हणजे खरा प्रश्न उरलाच नाही, पुढच्या ३८० किलोमीटरसाठी टाकी आणि दोन कॅन पुरे. म्हणून म्हटलं रस्ता आधी.

इंधन मोजताना "पुढे जायला किती" आणि "शेवटच्या अडथळ्यावरून परत यायला किती" हे दोन्ही काढा आणि मोठा आकडा धरा, त्यावर किमान एक चतुर्थांश राखीव. तुमच्या गाडीचा खरा खप माहीत नसेल तर आधी पूर्ण सामान भरून एक दिवस खराब वाटेवर चालवा आणि टाकी भरून मोजा, मीटरवर दिसणाऱ्या सरासरीवर जाऊ नका. खूप थंडीत जात असाल तर डिझेल घट्ट होऊन फिल्टर तुंबतो, तिथलं हिवाळी डिझेल तिथेच भरायचं, गरम भागातलं डिझेल टाकीत घेऊन वर चढायचं नाही.

कॅनबद्दल एक सांगतो. एकदा मागच्या रॅकवर डिझेलचा कॅन पट्ट्याने करकचून बांधला होता, हलत नव्हता असं मला वाटलं. दिवसभर वॉशबोर्ड रस्ता, म्हणजे तो आडव्या बारीक लाटा-लाटांचा, गाडी नुसती थरथरत होती. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर डिझेलचा वास. कॅनच्या मागे रॅकच्या बोल्टचं डोकं जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर आलेलं, त्याने घासून घासून कॅनला टाचणीएवढं भोक पाडलं होतं आणि धुळीत एक काळी ओली रेघ खाली बंपरपर्यंत गेली होती. अर्धा कॅन गेला. तेव्हापासून प्रत्येक कॅनच्या मागे आणि खाली जुन्या ट्यूबचं रबर घालतो आणि प्रत्येक थांब्यावर हात फिरवून बघतो. कॅन गाडीच्या आत माणसांबरोबर ठेवायचे नाहीत हे तर आहेच.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, कडक उन्हाळ्यात दहा, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवसांचं जास्त. सगळं एका टाकीत भरू नका. नळ मोडला, टाकीला तडा गेला तर मधल्या बिंदूवर तुमच्याकडे शून्य पाणी असेल, त्यापेक्षा दहा-दहा लिटरचे वेगवेगळे कॅन बरे.

वजन

गाडीच्या माहितीपुस्तकात गाडीचं भरलेलं कमाल वजन दिलेलं असतं आणि रिकाम्या गाडीचं वजन पण. वजाबाकी केली की तुमच्या हातात काय आहे ते कळतं. समजा रिकामी २१०० किलो आणि कमाल २८००, म्हणजे ७०० किलो. चार माणसं ३०० धरा. उरले ४००. लोखंडी बंपर आणि विंच मिळून १०० च्या आसपास जातात, टपावरचा तंबू ६०, दुसरी स्टेपनी ३५, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, डिझेलचे दोन कॅन कॅनच्या वजनासकट ४० च्या वर, फ्रिज आणि दुसरी बॅटरी ५०, झाले की ३६५. अजून हत्यारं, स्वयंपाकाचं सामान, कपडे, अंथरूण-पांघरूण काहीच धरलेलं नाही. म्हणून मी कळकळीने सांगतो, कुठलीही वस्तू लावायच्या आधी तिचं वजन विचारा. निर्जन भागात गाड्या मोडतात त्या बऱ्याचदा जादा वजनाने मोडतात, पाटा तुटतो, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तापून तेल गाळतो, चेसिसला तडा जातो, आणि ड्रायव्हर म्हणतो रस्ता खराब होता.

टपावर किती वजन चालतं ते पण पुस्तकात असतं, बऱ्याच गाड्यांत ते १०० किलो किंवा त्याहून कमी असतं, आणि त्यात रॅकचं स्वतःचं वजन धरलेलं असतं हे लोक विसरतात. जड सामान खाली, दोन धुऱ्यांच्या मध्ये, सीटच्या मागे चिकटून. टपावर फक्त हलकं आणि फुगीर. बाजूच्या उतारावरून जाताना टपावरच्या ५० किलोचा काय फरक पडतो ते पोटात कळतं. सगळं भरून झालं, टाक्या फुल, माणसं बसलेली, की गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी तोलून घ्या, कारण एकूण वजन बरोबर असूनही मागच्या धुऱ्यावर जास्त येऊ शकतं. मग सस्पेन्शनचा विचार. स्प्रिंग त्या वजनाला जुळणाऱ्या घ्या, उंचीसाठी घेऊ नका. दोन इंच लिफ्ट बहुतेकांना पुरते, त्याच्या वर गेलात की सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यांचे, कोन बिघडतात, ब्रेकचे पाइप ताणले जातात, गुरुत्वमध्य वर जातो.

टायर

सगळा पैसा एकाच गोष्टीत घालायचा म्हटलं तर मी टायरमध्ये घालेन. ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांना चालणारी) नक्षी, मजबूत बाजू असलेला जाड प्लायचा (जास्त थरांचा) टायर आणि शक्यतो कंपनीने दिलेल्या मापाच्या जवळचा, म्हणजे लांबच्या गावात सुद्धा तोच टायर मिळायची शक्यता राहते. खूप चिखलाच्या वाटा नसतील तर मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर, घेऊ नका, ओल्या डांबरावर घसरतात आणि आवाजाने डोकं उठतं. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचा टायर अशा प्रवासाला नेऊ नका, आणि स्टेपनीची तारीख तर नक्की बघा कारण ती बिचारी खाली लटकून नुसती म्हातारी होते. मधला बिंदू खूप लांब असेल तर दोन स्टेपन्या.

हवेचा दाब हे या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं साधन आहे, आणि किती लोक ते वापरतच नाहीत. हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त लांबीने टेकतो, वजन पसरतं, गाडी वाळूत कमी रुतते आणि टोकदार दगडावर टायर फुटण्याऐवजी दबून त्याच्यावरून जातो. डांबरावर तुमचा दाब ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर खडीवर २६ ते २८, खडकाळ वाटेवर २० ते २५, मऊ वाळूत १६ ते १८, आणि अगदीच रुतलात तर बाहेर पडेपर्यंत १२ ते १४. हे मधल्या आकाराच्या गाडीचे आकडे आहेत, जड गाडीला दोन-चार वर धरा. दाब उतरवला की वेगही उतरवायचा हे विसरलात तर टायर गेलाच समजा, १८ वर असताना ताशी ३० च्या वर जाऊ नका आणि जोरात वळवू नका, टायर रिममधून निसटतो. दाब बरोबर आहे का ते कळायची एक जुनी पद्धत आहे. सकाळी थंड टायरचा दाब लिहा, तासभर चालवा, परत मोजा. साधारण ४ पीएसआय वाढला असेल तर ठीक. त्यापेक्षा बराच जास्त वाढला तर टायर फार दबतोय आणि तापतोय, म्हणजे हवा कमी आहे, वजन जास्त आहे किंवा वेग जास्त आहे. अजिबात वाढला नाही तर हवा जास्त आहे.

यासाठी चांगला गेज, हवा उतरवायचं साधन आणि बॅटरीला थेट लागणारा कॉम्प्रेसर लागतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर चारही टायर भरेपर्यंत तापून मान टाकतो आणि फ्यूज पण उडवतो. पंक्चरच्या दोऱ्या भरपूर, रेमर (भोक साफ करायची कानस), पक्कड, व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह काढायची चावी. घरी एका जुन्या टायरला मुद्दाम भोक पाडून दोरी भरून बघा, पहिल्या वेळी किती जोर लागतो ते कळेल. आणि तुमचा जॅक लिफ्ट केलेल्या गाडीला पुरतो का, मातीत खाली रुततो का, तेही. जॅकखाली घालायला एक फूटभर चौकोनी जाड फळी ठेवाच.

गाडीच्या पोटात

निघायच्या महिनाभर आधी सर्व्हिसिंग, आदल्या आठवड्यात नाही. नवीन बसवलेली वस्तू पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल होते किंवा चुकीची बसवलेली कळते, ते घराजवळ कळलेलं बरं. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शियल (धुऱ्याच्या मधली गिअरची पेटी, थोडक्यात डिफ) यांचं तेल, कूलंट, ब्रेक ऑइल. बेल्ट आणि रबरी नळ्या हाताने दाबून बघा, कडक किंवा चिरलेल्या असतील तर बदला आणि काढलेल्यातल्या बऱ्या असतील त्या स्पेअर म्हणून ठेवा, त्या बसतात हे आधीच सिद्ध झालेलं असतं. व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट, यातलं काही खडखडत असेल तर "अजून चालेल" म्हणू नका.

डिफरन्शियलच्या ब्रीदरचं, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडाचं, फार कमी लोकांना माहीत असतं. चालून तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेली की हा प्रश्न मिटतो. काम तासाभराचं आहे आणि यातून गिअरबॉक्स-डिफ वाचतात. इंजिनखाली आणि ट्रान्सफर केसखाली जाड पत्रा लावाच, पण त्यात एक धोका आहे, वाळलेलं गवत पत्र्यावर आणि सायलेन्सरभोवती साचतं आणि पेटतं. डिझेल गाडीचा पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) स्वतःला साफ करत असताना तर एक्झॉस्ट प्रचंड तापतो. उंच वाळक्या गवतातून जाताना दर अर्ध्या तासाने थांबून खाली वाकून बघा, हातात हूक केलेली तार ठेवा गवत ओढून काढायला, आणि अग्निशामक हाताशी, सामानाच्या खाली नाही.

दुसरी बॅटरी लावणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वायर रबरी नळीतून न्यायची आणि पत्र्याच्या कडेवर कुठेही घासता कामा नये. वॉशबोर्डवर सगळं घासतं. बॅटरीची क्लॅम्प, रेडिएटरचे बोल्ट, रॅकचे नट, चाकाचे नट, हे रोज संध्याकाळी पान्याने तपासायचे. नट कसल्यावर मी पांढऱ्या पेंटने नट आणि पत्रा यांच्यावर एक आडवी रेघ मारतो, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, टॉर्च मारली की दोन मिनिटांत सगळं तपासून होतं.

स्पेअर पार्ट किती न्यायचे याला अंत नाही. डिझेल फिल्टर दोन, एअर फिल्टर, बेल्ट, फ्यूज, रिले, होस क्लॅम्प, इपॉक्सी पुट्टी, स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तार, केबल टाय, इंजिन ऑइल, कूलंट आणि गाडीचा एरर कोड वाचणारं छोटं यंत्र. बाकी तुमच्या मॉडेलचं काय नेहमी जातं ते त्याच मॉडेलवाल्यांना विचारा.

रुतल्यावर

आधी फावडं आणि हवेचा दाब, मग रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या खाचेदार पट्ट्या), मग दुसरी गाडी, आणि सगळ्यात शेवटी विंच. बहुतेक वेळा पहिल्या दोनातच काम होतं. चाक फिरत राहिलं आणि गाडी हलली नाही की लगेच पाय काढा, एक्सलेटर दाबत राहिलात तर धुरा टेकेपर्यंत खड्डा तुम्हीच खणता. फोर बाय फोर, लो रेंज आणि डिफ लॉक (धुऱ्याची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारं कुलूप) रुतायच्या आधी लावायचे असतात. फक्त पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच लावायची, फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरावर ती लावून चालवू नका, धुऱ्यांवर ताण येतो.

ओढायच्या दोरीबद्दल मात्र घाई नको, यात माणसं मेलेली आहेत. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, दोरी कधीच लावू नका, तो तुटून गोळीसारखा उडतो. चेसिसला बोल्ट केलेला, वजनाचा आकडा लिहिलेला रिकव्हरी पॉइंटच हवा, पुढे पण आणि मागे पण. गाडी जहाजावर किंवा ट्रकवर बांधायचा हूक वेगळा, तो यासाठी नसतो. ताणणारा स्नॅच स्ट्रॅप किंवा कायनेटिक रोप झटक्याने ओढायला, न ताणणारा पट्टा झाडाला बांधायला आणि विंचला, यांची अदलाबदल करायची नाही. दोरीची तुटायची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट हवी. दोन स्ट्रॅप जोडायचे तर मध्ये लोखंडी शॅकल (जोडायची कडी) घालू नका, दोरीची सॉफ्ट शॅकल वापरा. ओढताना दोरीवर जड काहीतरी टाका आणि बाकी सगळे दोरीच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला, कधीही दोरीच्या रेषेत नाही. लहान मुलं तर समोरच्या टेकडीवर.

पाणी ओलांडताना आधी चालत जा, ज्या रेषेत चाकं जाणार त्या रेषेत, काठीने तळ तपासत. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असलेलं असेल, उभं राहायला त्रास होत असेल, तर गाडी पण घालू नका. तुमच्या गाडीची पाण्यात जायची मर्यादा पुस्तकात आहे. लो रेंजमध्ये दुसरा गिअर, चालत्या माणसाच्या वेगाने, मध्ये गिअर बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, ओढून बाहेर काढा आणि मगच बघा. पलीकडे पोचल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवा आणि रात्री डिफचं तेल दुधाळ झालंय का ते बघा.

कुणाला काय माहीत असलं पाहिजे

शक्य असेल तर दोन गाड्या. एकट्या गाडीने जायचं तर वाट एक पायरी सोपी निवडा, यात कमीपणा नाही. दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येणारं सॅटेलाइट मेसेंजर यंत्र भाड्याने का होईना घ्या, आणि ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारं बीकन, म्हणजे संकटाचा सिग्नल देणारं यंत्र, वेगळं. त्याचा सिग्नल कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून बचाव पथकांपर्यंत जातो, ती यंत्रणा १९८२ पासून माणसं वाचवतेय. बीकन नोंदणी करूनच न्या म्हणजे ते कुणाचं आहे हे पथकाला कळतं. काही देशांत सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा असतो आणि मेसेंजरलाही तेच नियम लावतात, तेवढं आधी बघून घ्या.

घरी एका शांत डोक्याच्या माणसाकडे एक कागद द्या. त्यावर वाट, रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर आणि रंग, किती माणसं, किती दिवसांचं पाणी, कुणाला काय औषध चालू आहे, आणि दोन वेळा. पहिली, मी अमुक वेळेला फोन करणार. दुसरी, अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर तू अमुक नंबरवर कळवायचं. दुसरी वेळ लिहिलेली नसेल तर तो माणूस "आता करू का, उद्या सकाळपर्यंत थांबू" यातच एक दिवस घालवतो. वाट बदलली तर त्याला संदेश पाठवायचा, नाहीतर शोधणारे भलतीकडे शोधतील. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघू नका. वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही, शिवाय सावली आणि पाणी गाडीजवळच आहे.

निघायच्या आधीची एक रात्र

हे सगळं झालं की मोठ्या प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी दोन दिवसांची चाचणी सफर करा, घरापासून दोनेक तासांवर, पूर्ण सामान भरून, जेवढं नेणार तेवढंच. तिथे मुद्दाम एक चाक बदला, चारही टायरची हवा उतरवून परत भरा आणि घड्याळ लावा, अंधारात तंबू लावा, फर्स्ट एडची पिशवी कुठे आहे ती डोळे मिटून शोधा. दुसऱ्या माणसाला गाडी चालवायला द्या आणि त्याला लो रेंज लावायला सांगा, कारण तुमचाच हात मोडला तर गाडी तोच बाहेर काढणार आहे. परत आल्यावर सामानाचे तीन ढीग करा. वापरलेलं, न वापरलेलं पण संकटात लागणारं, आणि नुसतं सोबत फिरून आलेलं. माझ्या पहिल्या अशा सफरीनंतर तिसरा ढीग घरच्या वजनकाट्यावर ठेवला तर तो ४३ किलोचा निघाला. तो ढीग घरीच ठेवा, मग गाडी धुऊन रॅम्पवर चढवा, खालून टॉर्च मारा आणि पांढऱ्या रेघा बघत पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत जा.